ताई, आधी आईचं स्टूल ठरव

प्रिय ताई,



तू पाठवलेला बाथरूमचा नकाशा आणि कंत्राटदाराचं अंदाजपत्रक, दोन्ही सावकाश वाचलं. नळ कुठले, आरसा केवढा, गीझर कोणत्या भिंतीला, फरशी कोणत्या छटेची, सगळं तपशिलात दिलंय. पाणी जिथून जाणार त्या जागेबद्दल मात्र अंदाजपत्रकात एकच ओळ आहे: ‘फ्लोअर ड्रेन’. तू फोनवर विचारलंस की शॉवरखाली मधोमध चौकोनी जाळी घेऊ, का हल्ली मिळते ती लांबट पट्टी घेऊ. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या घरासारखीच जुनी न्हाणीघरं नव्याने करायला काढलेली घरं आज ठाण्यात, डोंबिवलीत, पुण्यात, नाशकात गल्लोगल्ली आहेत. तिथेही हीच एक ओळ असणार. म्हणून हे पत्र छापायलाही देतोय. तुझी हरकत नसेल असं धरून चालतो.

जाळी कोणती आणि कुठे, हे कॅटलॉग उघडण्याआधी ठरतं. आई कुठे बसणार, तिचं स्टूल कुठे टेकणार, तिथून सुरुवात कर. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ती उभ्याने आंघोळ करत नाही. स्टुलावर बसते, बादली पुढ्यात, तांब्या हातात. वॉकर सध्या दारापर्यंत येतो, तिथून पुढे तुझा हात किंवा भिंत. हे सगळं तू रोज बघतेस. आता नकाशात शॉवरच्या भागात मधोमध जाळी आहे असं धर. पाणी तिथे यायचं तर चारी बाजूंनी जमीन जाळीकडे उतरायला हवी. म्हणजे पाकिटाच्या मागच्या बाजूला असतात तशा चार तिरक्या घड्या जमिनीत पडल्या. या घड्यांवर चार पायांचं स्टूल ठेवलं की तीन पाय टेकतात, चौथा हवेत राहतो.

किती हवेत? हिशेब सोपा आहे. गवंडी फुटाला दोन सूत ढाळ देतो असं धरू. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. स्टुलाचे पाय एकमेकांपासून फूटभर अंतरावर असतील आणि स्टूल बरोबर घडीवर आलं, तर चौथा पाय दोन सुतांपर्यंत अधांतरी राहतो. तरुण माणूस स्टूल जरा सरकवून घेतो. पाठीवर पाणी घेताना डोळे मिटलेली, एका बाजूवर भार टाकणारी ऐंशीच्या घरातली बाई ते करू शकत नाही. स्टूल डुगडुगलं की ती दचकते, आणि दचकलेला माणूस हाताला येईल ते धरतो. बहुतेक वेळा हाताला नळच येतो.

जमीन एकाच बाजूला उतरती असली तर ही भानगड उरत नाही. एका सपाट उतारावर स्टुलाचे चारही पाय टेकतात. स्टूल किंचित कललेलं असेल, फुटाला दोन सूत, पण हलणार नाही. माझ्यासाठी मधोमधच्या जाळीचा निकाल इथेच लागतो. शॉवरच्या भागात जमिनीला एकच ढाळ हवा आणि पाणी शेवटच्या भिंतीपाशी गोळा व्हायला हवं.

हे काही नवीन नाही. वाड्यातली मोरी आठव. दगडी फरशी, एका अंगाला उतरती, कोपऱ्यात भिंतीतून बाहेर जाणारं भोक. मोहेंजोदडोच्या घरांतल्या न्हाण्यांच्या जमिनीही घासून सांधे जुळवलेल्या विटांच्या आणि पाणी जायच्या जागेकडे उतरत्या सापडल्या आहेत, तेही बहुधा रस्त्याकडच्या बाजूला, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जवळची वाट. बसून आंघोळ करणाऱ्या माणसांनी पाणी कडेला नेलं. मधोमध जाळी चालते ती चार फुटांच्या काचेच्या खोक्यात, जिथे माणूस उभाच असतो आणि पाणी वरून सारखं पडतं. आपल्याकडे ते तसं पडत नाही. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, मोठा असला तर पंधरा-वीस. आई शेवटी बादलीत उरलेलं पाणी एकदम पायांवर ओतते, तुझी कामवाली बाई धुण्याची बादली उलटी करते. पंधरा लिटर पाच सेकंदांत. परदेशी नमुन्याच्या पट्ट्यांची क्षमता शॉवरच्या धारेवर काढलेली असते. असा लोंढा क्षणभर साचणारच, आणि तो साचायला बसायच्या जागेपासून दूर, भिंतीच्या कडेला, थोडी खोलगट जागा हवी.

आता तुझी खोली. साडेचार फूट बाय सात फूट, दार एका अरुंद बाजूला, समोरच्या अरुंद बाजूला खिडकी आणि तिच्यामागे पाइपांचा डक्ट. कमोड आणि बेसिन दाराकडच्या निम्म्या भागात, आंघोळ पलीकडच्या निम्म्यात. हे चांगलंच आहे. कंत्राटदाराने लांबट पट्टी काढली आहे ती या दोन भागांच्या मधोमध, काचेच्या पार्टिशनखाली. चित्रात ती छान दिसते. तुझ्या इमारतीत ती बसणार नाही, आणि बसवली तर तुला महागात पडेल. का ते सांगतो.

तुमची इमारत १९८०च्या दशकातली. त्या काळच्या अनेक इमारतींत न्हाणीघराची स्लॅब खाली सोडलेली नसते. नव्या इमारतींत ती फूटभर किंवा जास्तच खाली असते, त्याला साइटवर संकन म्हणतात, आणि त्या खोलगट जागेत ट्रॅप आणि पाइप लपतात. तुमच्याकडे तसं नसेल, तर तुझ्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप स्लॅबच्या आरपार जाऊन खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला लोंबकळतोय. खात्री करायला एक दिवस त्यांच्याकडे जा, त्यांच्या फॉल सीलिंगची एखादी फळी बाजूला करून वर बघ, फोटो काढ. हे पहिलं काम. तोडफोड त्यानंतर.

तसं असेल, तर जाळीची खरी जागा इमारत बांधतानाच ठरलेली आहे: स्लॅबमधलं जुनं भोक, जे अशा घरांत बहुतेक वेळा डक्टच्या कोपऱ्यात असतं. ते हलवायचं तर स्लॅबला नवं भोक पाडावं लागेल. भोक पाडताना सळई कापली जाते, जुनं भोक बुजवल्यावर तो सांधा कायमचा कच्चा राहतो, आणि सोसायटी व स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या परवानगीशिवाय स्लॅबला हात लावायचाच नसतो. कंत्राटदार म्हणेल, भोक नको, आपण जमीनच उंच करू, पाइप वरून नेऊ. ट्रॅपची उंची, पाइपाचा व्यास, पाइपाला द्यावा लागणारा ढाळ, यात सहा-आठ इंच सहज जातात. तेवढी भर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने केली, तर कोबा घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरतो, म्हणजे सहा इंचांच्या भरीचे चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे किलो. घरातल्या बाथरूमची स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन धरून आखतात. त्या आकड्याच्या वर तू नुसती भरच घातलीस. शिवाय दारात पायरी आली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच ती चढावी लागणार.

म्हणून माझं म्हणणं असं. जुनं भोक तसंच राहू दे आणि त्याच्याकडे पाणी नेणारी जमीन नव्याने कर. खिडकीखालच्या भिंतीच्या कडेने, साडेचार फूट लांबीभर, हातभर नव्हे, चार-पाच इंच रुंदीची पन्हळ. ती त्या कोपऱ्यातल्या जुन्या भोकाकडे उतरणारी. बाकी सगळी जमीन दारापासून त्या पन्हळीकडे एकाच दिशेने उतरती. आंघोळीच्या साडेतीन फुटांत फुटाला दोन सूत, अलीकडच्या कोरड्या साडेतीन फुटांत फुटाला एक सूत. ढाळ बदलतो ती रेघ आडवी येईल आणि तिच्यावर फरशीचा सांधा येईल असं बघ. स्टूल त्या रेघेच्या पूर्ण पलीकडे राहू दे, नाहीतर पुन्हा तेच डुगडुगणं. दारापासून पन्हळीपर्यंत एकूण उतार साडेदहा सूत, सव्वा इंचाहून थोडा जास्त. एवढी जाडी तुला मिळेल का, हे जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला काढल्यावर मोजायचं. कागदावर धरून चालू नको.

दोन सूत हा आकडा मी विचार करून सांगतोय. अर्ध्या सुताच्या ढाळावर पाणी रेंगाळतं, साबणाचा थर बसतो, आणि माणूस घसरतो तो त्या थरावर. तीन सूत केलास तर ओल्या तळव्यांना उतार जाणवतो, आत नेलेला वॉकर पुढे ओढला जातो. कोरड्या भागात कमोडवरून उठताना पाय घट्ट रोवावे लागतात, म्हणून तिथे एकच सूत.

ही पन्हळ करायचे दोन मार्ग. एक, बाजारातलं तयार स्टीलचं चॅनेल. दुसरा, ग्रॅनाइटच्या पट्ट्यांनी गवंड्याकडून बांधून घेतलेली उघडी पन्हळ आणि तिच्या टोकाला सहा इंची साधी जाळी. तयार चॅनेल दिसायला देखणं, वर झाकण असल्यामुळे पाय अडकत नाही. पण त्याला स्वतःची उंची असते, दोन-तीन इंच, ती तुझ्याकडे आहे का ते आधी मोजावं लागेल. आतला भाग महिन्या-पंधरवड्याने झाकण उचलून घासावा लागतो, कारण केस, साबण आणि तेल यांचा लगदा आत बसतो आणि वरून दिसत नाही. आई नारळाचं तेल लावून न्हाते, तेव्हा तुझ्याकडे तो जास्तच बसेल. बांधलेली पन्हळ हाताला आणि डोळ्याला उघडी. खराट्याचा एक हात मारला की झालं. मला विचारशील तर मी बांधलेली पन्हळ घेईन, खोली एका इंचाच्या आत आणि कडा गोल घासलेल्या. चॅनेलच घ्यायचं ठरलं तर त्याचं झाकण हत्याराशिवाय, दोन बोटांनी निघणारं असू दे. फरशीचाच तुकडा झाकणावर चिकटवलेली चॅनेलं येतात, ती नको. जड होतात, कोणी उचलत नाही.

आता जे दिसत नाही त्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

जाळीखाली ट्रॅप का असतो? त्यात साठलेलं पाणी गटारातल्या हवेला अडवतं. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने नळीला वाक देऊन त्यात पाणी अडवून ठेवायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. तीच युक्ती आजही तुझ्या जमिनीखाली आहे. हे पाणी निदान ५० मिलिमीटर, दोन इंच खोल हवं. स्वस्त चॅनेलमध्ये किंवा वाटीच्या जाळीत ते जेमतेम अर्धा इंच असतं. चार दिवस कोणी आंघोळ केली नाही, उन्हाळा असला, पंखा चालू राहिला, की सुकलं. मग वास येतो, झुरळं येतात, आणि लोक फिनेल ओततात.

वास आणि झुरळांपुरतीच ही गोष्ट असती तरी मी आग्रह धरला असता. पण २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची साथ पसरली, तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपास करणाऱ्यांनी जी कारणं मांडली त्यातलं एक मोठं कारण बाथरूमच्या जमिनीतले कोरडे ट्रॅप होतं. तिथे लोक बाथरूमची जमीन धूत नसत, पुसून घेत. ट्रॅपमध्ये पाणी जाईना, ते सुकले. मग एक्झॉस्ट पंखा लावला की मैल्याच्या पाइपातली हवा, तिच्यातल्या तुषारांसकट, त्या कोरड्या तोंडातून घरात खेचली जाई. आपल्याकडे जमीन रोज धुतली जाते म्हणून आपण वाचतो. पण आता काचेचं पार्टिशन लावून निम्मं बाथरूम कोरडं ठेवायची पद्धत आली आहे, आणि कोरड्या भागातही एक जाळी देतात. तिच्यात महिनोन्‌महिने थेंब जात नाही. तुझ्या नकाशात कमोडशेजारी तशी दुसरी जाळी आहे. ती काढून टाक. एकच ढाळ असेल तर तिची गरजच नाही.

आणि तुमच्या बेडरूमला लागून जे दुसरं बाथरूम आहे, तिथे तुम्ही लेकीकडे गेलात की महिना-दोन महिने कोणी जात नाही. जाण्याआधी तिथल्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खायचं तेल घाल. तेलाच्या तवंगामुळे पाणी उडून जायचा वेग कमी होतो. पुढे कधी ते बाथरूम करायला घेशील तेव्हा बेसिनचं पाणी जाळीच्या ट्रॅपमध्येच सोडायला सांग, त्यासाठी बाजूला तोंड असलेले ट्रॅप मिळतात. हात धुतले की ट्रॅप आपोआप भरलेला राहतो.

एक गोष्ट दुकानदार हमखास गळ्यात मारेल: कॉकरोच जाळी, खाली स्टीलची वाटी असलेली. खालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी असेल तर ही वाटी नको. वाटीतलं पाणी आणि ट्रॅपमधलं पाणी यांच्यामध्ये हवा कोंडते, पाणी गुडगुडत, अडखळत जातं, आणि वाटीभोवतीच्या अरुंद जागेत केस अडकतात. मग बाई वाटी काढून खिडकीत ठेवते आणि ती तिथेच राहते. त्यापेक्षा चांगला ट्रॅप आणि मोठ्या भोकांची साधी जाळी, खाली केस अडवायला काढता येणारी जाळीदार टोपी. झुरळांची फारच भीती असेल तर सिलिकॉनचा एकतर्फी उघडणारा पडदा मिळतो. ज्या बाथरूमचा वापर कमी, तिथे तो उपयोगी. रोजच्या आंघोळीच्या जागी त्याच्यात केस गुंततात आणि तो उघडाच राहतो.

जुना ट्रॅप बीडाचा असेल, सांध्यात शिसं ओतलेला. खालून बघशील तेव्हा गंज, ओघळ, पांढरे थर दिसले तर बदलायचा, आणि हीच वेळ आहे. काम खालच्या काकूंच्या घरातून करावं लागेल, तेव्हा त्यांच्याशी आधीच नीट बोल. बाथरूममधून खाली होणारी अंतर्गत गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, सोसायटीच्या माथी ती जात नाही. म्हणून काकूंच्या छताचा रंग आणि फॉल सीलिंगही आपल्याच खर्चात धर. ते आधीच सांगितलंस तर पुढचं सगळं गोडीने होईल. नवा ट्रॅप पीव्हीसीचा येईल. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, आणि जुन्या बाथरूमची बहुतेक गळती याच कडेने होते. चांगला प्लंबर पाइपाच्या बाहेरच्या अंगाला सोल्युशन लावून त्यावर कोरडी वाळू मारतो, म्हणजे मसाल्याला धरायला खडबडीत जागा मिळते, आणि भोकाची फट आकसणार नाही अशा ग्राउटने ठासतो. हे होताना तू तिथे उभी राहा. ही कडा एकदा झाकली गेली की फरशी फोडल्याशिवाय परत दिसत नाही.

वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हात, एक उभा आणि एक आडवा, जमिनीवर आणि भिंतींवर फूटभर, आंघोळीच्या भागात डोक्याच्या उंचीपर्यंत. या सगळ्यात महत्त्वाची जागा ट्रॅपचं तोंड: लेप त्यात आतपर्यंत उतरला पाहिजे. फरशीच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली झिरपतंच. ते लेपावरून वाहत ट्रॅपमध्ये पोचलं पाहिजे, म्हणून लेपाखालच्या जमिनीलाही ढाळ हवा. पुष्कळ कारागीर खालची जमीन सपाट ठेवून वरच्या मसाल्यात ढाळ काढतात. मग झिरपलेलं पाणी फरशीखाली साचून राहतं, आणि बाथरूम कितीही धुतलं तरी कुबट वास जात नाही.

लेप वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भर, भिंतीवर खडूने रेघ मार आणि दोन दिवस, जमल्यास तीन, तसंच राहू दे. काकूंना सांग, रोज सकाळी वर बघा. कंत्राटदाराला घाई असेल, तो म्हणेल एक रात्र पुरे. ऐकू नको. मगच फरशी.

फरशीबद्दल थोडक्यात. एकच ढाळ असल्यामुळे तू पसंत केलेली दोन फूट बाय चार फुटांची फरशीही बसू शकेल. मधोमध जाळी असती तर ती तिरकी कापावी लागली असती. तरी आंघोळीच्या भागात एक फूट बाय एक फुटाची, खरखरीत अंगाची फरशी घे. सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त. काचेखाली ग्रॅनाइटचा कठडा लावून देतो म्हणतील, त्याला साफ नाही म्हण. पाणी अडवायचं काम ढाळ करतो. दारातला उंबराही अर्ध्या इंचाच्या आत आणि तिरका घासलेला असू दे, वॉकरची चाकं त्यावरून गेली पाहिजेत.

जाळी ३०४ जातीच्या स्टीलची किंवा पितळेची घे. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतील आणि चिकटत नाही म्हणून ३०४ आहे म्हणतील. स्वस्त २०२ जातीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेवर जाऊ नको. नाव असलेल्या कंपनीचा, जात छापलेला माल आणि पक्कं बिल घे. आणि घरात येणारी ती अॅसिडची बाटली बंद कर. तिने ३०४ स्टीलवरही डाग पडतात आणि फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं.

काम चालू असताना ट्रॅपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा आणि वर प्लॅस्टिक बांधलेलं असलं पाहिजे, रोज संध्याकाळी बघ. फरशी झाल्यावर कारागीर सांधे भरतात, बादल्या-थाप्या धुतात आणि ते सिमेंटचं पाणी सरळ जाळीत ओततात. ते ट्रॅपच्या बुडाशी दगडासारखं जमतं. नव्याकोऱ्या बाथरूममध्ये पाणी तुंबतं ते अनेकदा यामुळे. हत्यारं धुवायला त्यांना एक पिंप आणि गच्चीचा नळ दे.

पैसे चुकते करण्याआधी मी सांगतो ते करून बघ. दारापाशी बादलीभर पाणी ओत आणि घड्याळ लाव. दहा मिनिटांनी खाली बसून, दिवा जमिनीलगत धरून बघ. कुठे पाणी थांबलंय? थेंब राहतील, थारोळं राहता कामा नये. मग आईचं स्टूल, तिचंच, नवीन नाही, तिच्या जागी ठेव आणि चारही कोपरे एकेक करून दाबून बघ. शेवटी दोन बादल्या एकामागून एक उलट्या कर आणि पन्हळीतून पाणी बाहेर येऊन स्टुलाच्या पायांपर्यंत येतं का ते बघ. येत असेल तर जाळी लहान आहे किंवा ट्रॅपमध्ये काहीतरी अडकलंय. त्याच दिवशी काढून घे.

तोडफोड सुरू व्हायच्या आधी मी दोन दिवस येतो. लेव्हलची नळी आणि दोरी आणतो, गवंड्याबरोबर उभं राहून ढाळाच्या खुणा भिंतीवर मारून देतो. तोवर तू काकूंच्या छताचे फोटो काढून ठेव, जुन्या भोकापासून दोन्ही भिंतींची अंतरं मोजून कळव. आणि आईला विचार, बसल्यावर नळ तिला उजव्या हाताला हवा की डाव्या. ऑपरेशन झालेल्या बाजूने तिला वळता येत नाही. त्यावरून स्टूल कुठल्या भिंतीला लागेल ते ठरेल, आणि धरायचा दांडाही त्याच भिंतीत, फरशी लावायच्या आधी, पक्का करून घ्यावा लागेल.

आईला साष्टांग नमस्कार. भावोजींनाही नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा भाऊ